वांग्यांच्या वाटचं पाणी

दादा, परवा भिंगारला गेले होते. आपली क्वार्टर्स पाडून तिथं गाड्या लावायला जागा केली आहे. मागचं अंगण नेमकं कुठं होतं ते शोधलं, सापडलं नाही. तिथं उभी असताना ठरवलं की तुमच्याशी जे कधी बोलता आलं नाही ते एकदा लिहून टाकायचं.

लष्करी वर्कशॉपमधलं सुतारकाम आटोपून तुम्ही घरी यायचा, शर्ट खुंटीला अडकवायचा आणि चहाही न घेता मागच्या दारानं अंगणात. एवढ्याशा जागेत वांगी, घेवडा, दोडक्याचा मांडव, भिंतीच्या कडेनं पालक आणि राजगिरा. न्हाणीचं पाणी अळूला, डाळ-तांदूळ धुतलेलं वांग्यांना, चुलीतली राख किडीवर, शेळीच्या लेंड्या आणि भाजीची देठं खड्ड्यात. "घरातलं घरातच जिरलं पायजे," असं तुमचं म्हणणं. आमच्या ताटात रोज काहीतरी हिरवं असायचं आणि शेजारच्या दोन घरांतही जायचं.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. नळ एक दिवसाआड यायला लागला, पुढं पुढं त्याचाही नेम राहिला नाही. तुम्ही वांग्यांच्या मुळाशी मडकी पुरलीत, बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घातलीत, म्हणजे थेंब थेंब पाणी मुळालाच जाईल. आम्हा दोघी लेकींना मांडवाखाली दगडावर बसवून अंघोळ घालायचात. धाकटी चार वर्षांची. "माज्याबरोबर दोडका पन न्हातोय," म्हणून खिदळायची. बाहेर सगळं करपलेलं होतं आणि आपलं अंगण हिरवं होतं.

त्या रविवारी दुपारी मी पालक खुडते आहे, तुम्ही मांडवाची काठी बांधताय. एक बाई कुंपणातून आत आलेली आहे, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांपैकी. ती वांग्यापाशी बसते, पुरलेल्या मडक्यात हात घालते आणि ओंजळीनं पाणी पिते. तुम्ही धावत जाता. "अवो बाई, ते खरकटं पानी हाय!" ती दचकून उठते, पदरानं तोंड पुसते. "पानीच हाय न्हवं दादा," एवढंच म्हणते.

त्याच दुपारी तुम्ही घरातला पिण्याचा हंडा कुंपणाच्या दाराशी नेऊन ठेवलात. दुसऱ्या दिवशी ती बाई चौघींना घेऊन आली, मग सगळी टोळीच यायला लागली. नळाचं पाणी तेवढंच होतं. आमच्या अंघोळी बंद झाल्या, डाळ धुतलेलं पाणीही आमटीत जायला लागलं. आई म्हणाली, "आवो, पोरींच्या ताटातलं हाय ते." तुम्ही म्हणालात, "मानूस तानेनं दारात उभं असताना मी वांग्याला पानी कसं घालू?" महिना सरायच्या आत मांडव वाळला, वांगी काळी पडली.

नंतर रेशनच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी आणि मिरचीचा गोळा. दिवेलागणीला धाकटी ताट चाचपडायला लागली. आपल्याला वाटलं, खेळतेय. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "रातांधळेपणा आहे. हिला घरी पालेभाजी देत नाही का?" सायकल घेऊन तुम्ही गावोगाव हिंडलात, एकदा मूठभर सुकलेला तांदुळजा घेऊन आलात. तोवर तिला गोवर निघाला. ताप उतरला तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलं होतं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि उशीर झाला म्हणून सांगितलं. तुम्ही तिला कडेवर घेऊन भिंगारपर्यंत चालत आलात. टांगा केला नाहीत. वाटेत ती विचारत होती, "दादा, सकाळ कवा व्हनार?"

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. ती बाई शेतातली मेथीची जुडी घेऊन आली. "तुमच्या पान्यावर जगलो दादा," म्हणत तिनं ती पुढं केली. तुमचे हात वर झाले नाहीत. आईनं जुडी घेतली, बाई वळल्यावर शेळीपुढं टाकली. त्या अंगणात तुम्ही पुन्हा कुदळ मारली नाहीत. संध्याकाळी घरी आलात की खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडं बघायचात. अशी किती वर्षं गेली, आणि एक दिवस तुम्हीही गेलात. त्या टोळीतली माणसं मातीला आली होती. पुण्यवान माणूस गेला, असं म्हणत होती. आई त्यांच्याकडं पाठ करून बसली.

धाकटी आता माझ्याकडेच असते. तिचेही केस पांढरे झाले. मघाशी तिनं विचारलं, काय लिहितेस. मी म्हणाले, दादांना पत्र. ती म्हणाली, "त्यांनी बरोबर केलं म्हणावं. आणि झालं की मला वाचून दाखव." तिचा निरोप लिहिला. वाचूनही दाखवीन. पण दादा, त्या बाईला मी एक तांब्या पाणी दिलं असतं आणि दार लावून घेतलं असतं. एवढं वाक्य तेवढं गाळीन.