यीस्टला उपाशी मारताना

७ जानेवारी

पुन्हा खाली तीच खाज! बरी झाली म्हणेपर्यंत पुन्हा सुरू. मलम संपलं म्हणून मेडिकलमध्ये गेले, तर तो बाबा भर दुकानात ओरडून विचारतो, "खाजेचंच ना, ताई?" मेला! मागे उभी असलेली बाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती.

सुगंधी साबण आणलाय, तो दोनदा लावते. काही उपयोग नाही. बायकांना यीस्टनेही खाज येते म्हणतात; सगळा दिवस बेकरीत यीस्टमध्ये हात, तेच लागलं असणार. दुसरं काय?

९ जानेवारी

पीठ मळता मळता डोक्यात आलं – साखर-मैदा मिळाला नाही तर यीस्ट फुगत नाही. गप मरून पडतं. हे मला कोणी शिकवायला नको, यातच हयात गेली. मग मीच साखर, ब्रेड, भात, बटाटा बंद केला तर? खाईल काय ते? मरेल उपाशी!

पॅकिंगवाल्या ताईची जाऊ असंच करून बारीक झाली म्हणे. बरं झालं. सगळ्यांना वजनाचंच कारण सांगितलं. नवऱ्यालाही.

२८ जानेवारी

अंडी. चीज. काकडी. परत अंडी. जीव विटला.

भट्टीवरचा उस्ताद मुद्दाम गरम बनचा ट्रे माझ्या नाकाखालून नेतो. "घे गं एक, कोण बघतंय?" आज त्याच्यावर खेकसले. बिचारा!

खाज जरा कमी वाटते. पण वास बदललाय. उग्र काहीतरी. तोंडालाही आणि खालीही. बेकरीत ट्रे पुसायचं व्हिनेगर असतं, ते बाटलीत घालून आणलं आणि पाण्यात टाकून धुतलं. आई गं, काय आग झाली! म्हटलं, आग होतेय म्हणजे लागू पडतंय.

१६ फेब्रुवारी

पाळी चुकली.

नवरा जवळ आला की मी भिंतीकडे तोंड करते. "दमलेय रे." खोटं नाही ते. पण त्याला वास आला तर, ही खरी धास्ती. गेल्या आठवड्यात एकदा म्हटलं, होऊ दे. आत सगळं कोरडं, सोलून काढल्यासारखं. दात आवळून पडून राहिले. त्याला कळलं. थांबला, उठून मला पाणी आणून दिलं.

३ मार्च

नवऱ्याला त्याच्या प्लांटवर नाइट ड्यूटी लागली. त्याच्या सुपरवायझरचं वाटोळं होवो! मी पहाटे निघते, तो सकाळी येतो. घरात दोन माणसं, आणि बोलायचं तर फोन करायचा.

आणि खरं सांगू? कळल्यावर आधी हुश्श वाटलं. लिहितानाही लाज वाटतेय.

१९ मार्च

पाळी याही महिन्यात नाही. केस हातात येतात. जिना चढताना मध्येच बसावंसं वाटतं.

२४ मार्च

आज सुट्टी. समोरासमोर बसून चहा घेतला. तो कपाकडे बघत म्हणाला, "प्लांटवर खोली मिळतेय. पहिल्या तारखेला जाऊ का राहायला?" मग म्हणाला, "मी नकोसा झालोय का तुला? तसं सांग. भांडणार नाही मी."

नाही रे! नाही नाही नाही! हे सगळं मनात. कप उचलून धुवायला गेले. एवढ्या वर्षांचा संसार, आणि खाज येते म्हणून सांगता येत नाही मला!

२७ मार्च

शेवटी डॉक्टरीणबाई गाठली. आधी दिवस गेलेले नाहीत ना, ते तपासलं. मग खालचा नमुना घेतला, तिथेच बघितला.

यीस्ट नाहीच!

"आधी साबणाने खाजत असणार, नंतर व्हिनेगरने भाजून घेतलंत," म्हणाली. खाणं एवढं तोडलं की कधी कधी शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं, पाळी थांबवतं. कोरडेपणाही त्यातलाच असावा, तोंडाचा वासही. रक्त तपासायला घेतलंय. "नुसतं पाणी वापरा. आणि जेवा हो!" मी माझं यीस्टचं गणित सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. "अहो, ब्रेडचं यीस्ट वेगळं, अंगातलं वेगळं!"

कोणाला उपाशी मारत होते मी? स्वतःलाच.

२८ मार्च

बन खाल्ला. गरम. उस्तादाने दुसरा पुढे सरकवला. तोही खाल्ला. रडू आलं, तर म्हणाला, "एवढाही वाईट झाला नाही गं!"

३१ मार्च

सांगितलं. खाज, वास, व्हिनेगर – सगळं. तो बॅग भरत होता, ऐकता ऐकता खाली बसला.

मग म्हणाला, नाइट त्याला कोणी लावलीच नव्हती. त्यानेच मागून घेतली होती. "तुला रोज नाही म्हणायला लागू नये म्हणून."