पावणेनऊच्या मालिकेतलं कपाट

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीत म्हणून लिहिलं. सध्या कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे आठांपैकी दोन-तीन अंगंच वाकतात. बाकीची वाकली असं तू समज.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल तू गुडघ्याला लावतेस की दाराच्या बिजागरीला, असं बाबा विचारत होते. कारण मागच्या खेपेला दार अजिबात करकरत नव्हतं आणि तू मात्र करकरत होतीस, असं त्यांचं म्हणणं. शेजारणीचं मांजर अजून तुझ्याच खुर्चीत बसतं का? इकडे आम्ही सगळे मजेत. तुझी भाचेसून मजेत, नात पुढचा दात पडल्यामुळे फारच मजेत, आणि बाबाही मजेतच आहेत, फक्त ते कबूल करत नाहीत.

पत्र लिहायचं कारण असं की साडेआठची मालिका बंद झाली आणि तिच्याबरोबर तुझा रविवारचा फोनही बंद झाला. मी केला, तर "मालिकाच संपली, आता बोलायचं काय," असं म्हणून तू ठेवून दिलास. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. (येतं. पण ठेवू नकोस, पुढे तुझ्याविषयीच आहे.)

तू सगळ्यांना सांगतेस की माझा भाचा टीव्हीत आहे, आणि तिथे काय करतो असं कुणी विचारलं की त्यांना चहा विचारतेस. तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकतो, म्हणजे पत्र दाखवता येईल. दर शनिवारी सकाळी आमच्याकडे 'आज शाळा नाही' हा मुलांचा कार्यक्रम असतो. त्यात गाणी असतात, कागदाची जहाजं असतात, एक ससा असतो (खरा; त्याला माझ्याआधी मेकअप करतात), आणि सगळ्यात शेवटी आमची 'पावणेनऊची मालिका' असते. म्हणजे तुझ्या साडेआठच्या मालिकेची नक्कल. मी सासू होतो. डोक्यावर फरशी पुसायचं मॉप, अंगाला खिडकीचा जुना पडदा. सून होतो तो आमच्यातला सगळ्यात आडदांड गडी. त्याला आम्ही मिशीवाला म्हणतो, कारण सुनेच्या कामासाठीसुद्धा त्याने मिशी काढायला साफ नकार दिला. सून रडते तेव्हा अश्रू मिशीत अडकतात आणि पोरं हसून बाकावरून खाली पडतात. सासू काही बोलली की सगळ्यांनी तीनदा माना वळवायच्या आणि मागे एकाने पत्रा हलवायचा, म्हणजे वीज कडाडते. आणि या सगळ्याच्या मधोमध ते कुलूप लावलेलं कपाट. सुनेला दर आठवड्याला किल्ली मिळते, आणि ती कपाटाशी पोचते न पोचते तोच काहीतरी आडवं येतं. कधी मुका दीर, कधी पाहुणे, एकदा ससा. (तो चुकून आला होता, पण टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.) आता तुला म्हणून सांगतो, त्या कपाटाला दारच नाही. पुठ्ठ्यावर रंगवलेलं आहे ते, कुलपासकट.

ही नक्कल कशी व्हायची, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? आमच्या घरी टीव्ही नाही. दिवसभर जिथे काम करायचं तेच घरी आल्यावर भिंतीवर कशाला, असं तुझ्या भाचेसुनेचं मत आहे, आणि मतं आमच्या घरात एकाच माणसाची असतात. म्हणून मी तुझी ती मालिका जन्मात पाहिलेली नाही. रविवारी तू फोन करायचीस, आठवड्याची सगळी कथा ऐकवायचीस, आणि वर तंबी द्यायचीस की चेष्टा करायची तर नीट कर, अर्धवट करशील तर खबरदार. सोमवारी मी ती जशीच्या तशी मिशीवाल्याला सांगायचो, दुपारपर्यंत आमचं लिहून व्हायचं. बोटीवर गेलेला धाकटा दीर मुका होऊन परत आला, सासऱ्यांची कवळी मृत्युपत्रात सापडली, सासू झोपेत चालते पण फक्त स्वयंपाकघरापर्यंत, हे सगळं आम्ही तुझ्या तोंडून ऐकून केलं. मला तर वाटायचं, मूळ मालिकावाले किती धीट आहेत. यात आम्ही भर ती काय घालणार?

तर मध्यंतरी साडेआठची एकाएकी बंद झाली. शेवटच्या भागात म्हणे सगळं कुटुंब एका सोफ्यावर बसून हसलं आणि वर नावं सरकली. तशी आमच्या निर्मात्या बाईंनी मला बोलावलं. बाई मोजकं बोलतात, पण जे बोलतात ते फाइल मिटल्यासारखं असतं. म्हणाल्या, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मूळच नाही तर नक्कल कशाची करणार? येत्या शनिवारी शेवटचा भाग करा, मग त्या वेळात सशाचं काहीतरी बघू. आत्या, खोटं कशाला बोलू, बाहेर येऊन मी सशाकडे जरा रागानेच बघितलं. नोकरी गेली नसती. मला सशाच्या मदतीला दिलं असतं. पण मॉप डोक्यावर चढवून समोर बसलेली पोरं बघितली की मला जे वाटतं, ते मला दुसऱ्या कशानेही वाटत नाही. मिशीवाला तर कोपऱ्यात जाऊन बसला आणि सुनेपेक्षा चांगला रडला.

शेवटचा भाग दणक्यात करायचा म्हणून मी सासूला जिन्यावरून उतरवायचं ठरवलं. जिना पुठ्ठ्याचा होता, हे मी विसरलो. (त्याला रंग मीच दिला होता, तरी विसरलो.) तिसऱ्या पायरीवर मी जो आत गेलो तो थेट कमरेपर्यंत. मॉप उडालं ते मिशीवाल्याच्या डोक्यावर बसलं, त्यामुळे सूनच सासू आहे असं वाटून मुक्या दिराने तिच्या पाया पडायला सुरुवात केली, आणि पत्रेवाला घाबरून पत्रा हलवत राहिला तो थांबेचना. पोरांना वाटलं, असंच आहे. उसण भरली ती तिथे. हसणं मात्र असं कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं पोरांचं नव्हतं. मागच्या बाकांवर आज्या बसल्या होत्या, चांगल्या रांगेने. नातवंडांना सोडायला म्हणून यायच्या आणि आमचं संपेपर्यंत हलायच्या नाहीत. खेळ संपला, दिवे लागले, तरी त्या उठेनात. त्यांच्यातली एक काठी टेकत पुढे आली आणि पुठ्ठ्यात अडकलेल्या मला विचारती झाली, की ते सगळं ठीक, पण कपाटात काय होतं?

सोमवारपासून फोन सुरू. कपाटात काय होतं? एका आजोबांनी तर बाईंना सुनावलं, की असं लोकांना टांगून ठेवणं चांगल्या घरातल्या माणसांना शोभत नाही. बाईंनी कपाळाला हात लावला आणि वरच्या मजल्यावरून साडेआठवाल्या दिग्दर्शकाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या त्या कपाटात काय ठेवायचं ठरलं होतं ते तेवढं सांगा, म्हणजे लोक गप्प बसतील. म्हणाला, कुठलं कपाट? आमच्यात कपाट नव्हतं. मग मुका दीर? दीरच नव्हता, दोन नणंदा होत्या. कवळी? त्याचा चेहरा असा झाला, की मृत्युपत्रात कवळी ही आपल्याला का सुचली नाही याचं त्याला आयुष्यभर वाईट वाटणार. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एकदाच वळल्या, तीनदा नाही, आणि पत्राही कुणी हलवला नाही, तरी माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, माझी आत्या रोज बघते हो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, ती? ती मालिका बघते? अरे, शीर्षकगीत सुरू झालं की तिची मान पडते, ते मांजर उठवील तेव्हा ती उठते. मग मी विचार करत बसलो. आणि एकेक उलगडत गेलं. मधल्या खोलीतलं तुझं लाकडी कपाट. सुट्टीत आम्ही पोरं त्याच्यासमोरच झोपायचो आणि आत काय असेल यावर भांडायचो. किल्ली तुझ्या कमरेला. आम्ही विचारलं की तू म्हणायचीस, लग्न झाल्यावर दाखवीन. माझं लग्न होऊन पोरीचे दात पडायला लागले, आत्या, अजून दाखवलं नाहीस. म्हणजे मी इतके दिवस ज्या मालिकेची नक्कल करत होतो ती कुणी काढलेलीच नव्हती. ती तुझी एकटीची होती, आणि दर रविवारी ती बघणारा मी एकटा होतो.

मला राग आला असेल असं वाटलं तर तसं नाही. मला अभिमान वाटला, आणि तो मी दुसऱ्या दिवशी बाईंसमोर बोलूनही दाखवला. बाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, म्हणजे मूळ अजून शाबूत आहे तर. तुमच्या आत्याबाई पुढचं सांगणार असतील तर चालू राहू दे. सुताराला बोलावून कपाटाला खरं दार करायला सांगितलं आहे. आत काय ठेवायचं यावर सध्या भांडणं चालली आहेत. मिशीवाल्याला केक हवा आहे (त्याला कशातही केकच हवा असतो), दिग्दर्शकाला सांगाडा हवा आहे. तो हल्ली आमच्यातच येऊन बसतो, त्याला दुसरं काम नाही. साडेआठच्या वेळात आता सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा लावली आहे. निळ्या कोटातला एक तरुण येतो आणि समोर दिसेल त्याला नद्या आणि राजधान्या विचारतो. सगळ्यांना मी बजावलं आहे की कपाटाला कुणी हात लावायचा नाही, ते आमच्या आत्याचं आहे.

बाकी सर्व ठीक. मांजराला खुर्चीवरून उठवत जा, नाहीतर एक दिवस ते किल्ली मागेल.

तुझा,
टीव्हीतला भाचा

ता. क. – इतकं सगळं लिहिलं आणि मुख्य गोष्ट राहिली. कपाटात काय आहे ते रविवारच्या आत कळव. सुतार विचारतो आहे, कप्पे करायचे की खुंट्या ठोकायच्या.

ता. क. – कपाटात काही नसेल तरी चालेल. तरीही फोन कर. रविवारी दुपारी मी उगाच फोनपाशी घुटमळतो आणि तुझी भाचेसून मला भाजी निवडायला बसवते. मुख्य गोष्ट खरं तर हीच होती, वरची फक्त सुतारासाठी.

ता. क. – पाकीट चिकटवून तिकीट लावलं आणि तुझा फोन आला. ते पुन्हा उघडून हे लिहितो आहे, कडेला फाटलं आहे, रागावू नकोस. फोनवर मी यातलं अक्षर बोललो नाही, कारण तू मला बोलूच दिलं नाहीस. साडेआठला पुन्हा सुरू झाली म्हणालीस. मुक्या दिराची वाचा परत आली, निळा कोट घालून तो येईल त्याला प्रश्न विचारत सुटला आहे, आणि कपाटात काय आहे असं त्याने विचारताच सासूने किल्लीच गिळून टाकली. मी ऐकत होतो आणि इतकं बरं वाटत होतं की उसण विसरून उभाच राहिलो होतो. सुताराला दार करू नकोस म्हणून आत्ताच निरोप धाडला. वर झोपेबिपेचं जे काही लिहिलं आहे ते बाबांचं, माझं नाही. ते वाचलंच नाहीस असं समज, आणि या आठवड्यात सासूचं पोट दुखतं का, तेवढं नीट बघून ठेव.