स्वयंपाकघरातला नळ

माय, आपल्या घरात नळ आला होता. हे तुला सांगता यावं म्हणून तू गेल्यापासून मी थांबले होते, आणि सांगायला बसले तोवर तो आटलासुद्धा.

जिंतूरकडून गावात शिरलं की डाव्या हाताला आपली वस्ती अजून तशीच आहे. बाबा तिथं एकटेच राहायचे. गुडघे पार गेलेले, तरी शाळेपुढच्या हापशावरून रोज कळशी आणायचे. मागच्या उन्हाळ्यात हापशापाशीच पडले. मी परभणीहून धावत आले आणि म्हटलं, आता पुरे, माझ्याकडे चला. तर म्हणतात कसे, "पानी घरात आलं तर मी हितंच ऱ्हातो. न्हाई आलं तर तू म्हनशील तिकडं येतो." मग मीही हट्टाला पेटले. अंगणात बोअर पाडली, तिच्यात मोटर सोडली, स्लॅबवर काळी टाकी चढवली आणि टाकीचा पाइप थेट तुझ्या चुलीशेजारी आणला. पाणी लागलं त्या दिवशी बाबा चिखलात उभे राहून लेकरासारखे हसत होते.

नळ मात्र भलत्याच उंचीवर बसला. खाली भुईवर भांडं ठेवलं की निम्मं पाणी बाहेर उडायचं. बाबा उठता-बसता फिटरच्या नावानं खडे फोडायचे. मी आले की सांडलेलं पुसून घ्यायचे.

मला तू अजूनही विहिरीवरच दिसतेस. आपल्या बायांनी तिथल्या दोराला हात लावायचा नसतो. तू घागर खाली ठेवून लांब उभी आहेस, कुणाला तरी दया येईपर्यंत, आणि मी तुझा पदर धरून. मग कुणीतरी वरून पाणी ओततं, थोडं घागरीत, थोडं तुझ्या पायांवर. वाटेत मी घागरीत ओंजळ घालायला जाते तर तू हातावर फटका मारतेस, "घरी गेल्यावर पे." घरी आल्यावर पहिला तांब्या तरी मला द्यावास, तर तो तू भरून ओट्यावर ठेवतेस, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. तेव्हा मला तुझा लय राग यायचा. "तहानल्याल्या मान्सानं कुनाच्या दारात ताटकळू न्हाई," एवढंच तू म्हणायचीस.

तो तांब्या बाबांनी लक्षात ठेवला होता. कुंपणाबाहेर त्यांनी दुसरा नळ काढायला लावला आणि गल्लीला सांगून टाकलं, भरा. मोटर ऑटोवर ठेवली, म्हणजे लाइट कधीही आली की ती आपोआप सुरू. चैत्र लागला तसं बोअरचं पाणी खाली जायला लागलं. मी फोनवर कानीकपाळी ओरडत होते, ऑटो बंद करा, मोटर कोरडी चालली तर जळेल. ते म्हणायचे, "लाइटीचा काय भरवसा, बाई? बाया घागरी लावून बसायल्यात. माझा डोळा लागला आन् लाइट येऊन गेली तर?" एका दुपारी मोटर कोरडीच फिरत राहिली आणि जळाली. वायरमननं ती वर ओढून काढली, दोरीला दगड बांधून आत सोडला. दगड वर आला तो कोरडा ठणठणीत. नवी मोटर टाकू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून यील?"

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. दैव आपण मानत नाही, आणि कर्म म्हणावं तर बाबांनी काय वाईट केलं होतं? विचार करकरून माझं डोकं फिरायची वेळ आली, काही हाती लागत नाही. टाकी आहे, पाइप आहे, नळ आहे. पुढल्या वर्षी पाणी येईल असं म्हणण्याइतका जीव माझ्यात उरला नाही, माय.

बाबांनी शब्द पाळला. कुलूप लावायच्या आधी टँकरच्या पाण्यानं तांब्या भरला, ओट्यावर ठेवला, वर ताटली झाकली आणि एसटीत येऊन बसले. इथं माझ्या घरी नळाला पाणी असतं. ते नळ सोडतात, जरा वेळ बघतात आणि न पिताच बंद करतात. मी प्यायला भरून दिलं की तेवढं पितात. काल जेवताना म्हणाले, "त्या फिटरनं नळ खाली बसवला असता तर येवढं पानी सांडलं नसतं. ऱ्हायलं असतं थोडं."

मी त्यांना अजून एक भाकरी वाढली. हे पत्र कुठं पोचायचं नाही, ते माझ्या उशीखाली राहील, म्हणून तुला सांगते. फिटरची चूक नव्हती. त्यानं मला विचारलं होतं, ताई, किती उंच? बाईच्या कमरेवरच्या घागरीचं तोंड जिथं येतं, तिथं मी हात धरला. घागर खाली ठेवायची, कुणी ओतायची वाट बघायची, हे तुला पुन्हा नको होतं. तू माझ्याहून बुटकी होतीस, म्हणून मी गुडघ्यात जरा वाकून माप दिलं.