वेशीवरचा ऑइल पेंट

बाई, आपल्या गावची वेस पाडायला निघाले होते. पाडली नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं न वाचताच तुम्ही माझा कान शोधाल. मी तुमच्या सातवीच्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा, इतिहासात दोनदा गटांगळ्या खाल्लेला. आता नातवंडं आहेत आणि वारज्याच्या रस्त्याला रंगाचं दुकान आहे. गाव शहरात गेलं, शेतं सोसायट्यांत गेली, शाळेच्या जागी पार्किंग आलं. जुनं म्हणावं असं एकच उरलं, ती दगडी वेस. आणि बाई, तिच्यावर संकट आलं ते माझ्यामुळे.

दुकान टाकलं त्या वर्षी जत्रेच्या आधी मी हौसेनं वेशीला ऑइल पेंट दिला. फुकट. अंग गुलाबी, कडा पिस्ता. तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन शहरात राहत होतात, तरी मी मुद्दाम रिक्षा करून तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. वेस तशीच गुलाबी होती. ‘‘रंग कोणी दिला?’’ तुम्ही विचारलंत. ‘‘मंडळानं, बाई,’’ मी म्हणालो. ‘‘मंडळाला माझा नमस्कार सांगा,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘आणि डोंगर अजून रंगवायचा राहिलाय म्हणावं.’’ मग दुकानात बसून चहा प्यायलात. खरं कळलेलं होतं तुम्हाला. डब्यांवरचा गुलाबी ओघळ समोरच दिसत होता.

पुढे तुम्ही कायमच्या गेलात आणि आम्हाला रानच मोकळं मिळालं. दर जत्रेला नवा देणगीदार, नवा रंग, आणि वर त्याचं नाव. जुना थर खरवडायचा आळस, म्हणून त्याच्यावरच नवा. खालच्या भागाला फरश्या लावल्या, कारण लोक पान खाऊन थुंकायचे. आम्ही सगळं मायेनंच केलं हो. गेल्या वर्षी परत माझी पाळी आली, तेव्हा मी कमानीवर लाल अक्षरांत ‘सौजन्य’ लिहून खाली दुकानाचं नाव टाकलं, फोन नंबरासकट.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि वेशीवर नोटीस लागली: अनधिकृत स्वागत कमान, काढून टाकण्यात येईल. मी रस्त्याच्या साहेबांना गाठलं. तरुण माणूस, बोलायला अगदी सभ्य. म्हटलं, ‘‘साहेब, पेशव्यांच्या वेळची आहे ही.’’ त्यांनी वर बघितलं. ‘‘काका, तुमचं दुकान पेशवाईत होतं का?’’ मीही वर बघितलं. ‘‘फोन नंबर तरी तेव्हाचा आहे का?’’ बाई, ते बोलले आणि मला तुमचीच आठवण झाली. शेवटी म्हणाले, ‘‘जुनी आहे असं दाखवा, रस्ता बाजूनं वळवायचा प्रस्ताव मी स्वतः ठेवतो. उद्या अकरा वाजेपर्यंत.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी दुकानातलं सगळं रिमूव्हर आणि तारेचे ब्रश घेऊन शिडीवर. आयुष्यभर रंग विकला, काढायला पहिल्यांदाच बसलो. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली जांभळा, आणि प्रत्येक थरावर एकेक नाव. तेवढ्यात खालून माजी सरपंच ओरडले, ‘‘ए, थांब! माज्या आबाचं नाव हाय त्ये!’’

‘‘तात्या, नाव ठेवलं तर वेस जाईल.’’

‘‘आन् वेस ठिवली तर नाव जाईल, त्याचं काय?’’

त्यांनी शिडी धरली ती सोडेचनात. खूप वेळानं खिशातून मोबाइल काढला, आबांच्या नावाचे चार फोटो घेतले, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘‘घास आता. पर हळू घास.’’

पावणेअकराला दगड दिसला. काळा, टाकीच्या घावांचा. पण अकराला साहेब आले आणि म्हणाले, दगड काय, हल्ली चिकटवूनही मिळतो. मी घामाघूम. आणि उभ्या उभ्या मला तुमचा तास आठवला. तुम्ही आम्हाला इथे रांगेत उभं केलंय, मी मागे खिदळतोय, आणि तुम्ही माझं मनगट धरून माझा हात भिंतीतल्या एका भोकात कोपरापर्यंत घालता. ‘‘हसू नकोस. यात अडसर सरकवायचा. रात्री दार लावून तो आडवा लाकडी वासा घातला की गाव झोपायचं.’’ भोक थंडगार होतं आणि आत साप असेल म्हणून मी बोंबललो होतो. ते भोक कुठे गेलं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यात लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरून मीच ते गुळगुळीत केलं होतं.

हातोडी घेऊन मी लांबी फोडली. साहेबांना म्हटलं, ‘‘बाही वर करा आणि हात घाला.’’ त्यांनी घातला. कोपरापर्यंत गेला. ‘‘हे कशाला?’’ ‘‘अडसर घालायला, साहेब. स्वागत कमानीला कोणी अडसर लावतं का?’’ साहेब पहिल्यांदा हसले. मोबाइलच्या उजेडात आत बघितलं, फोटो काढले, आणि नोटीस स्वतःच्या हातानं काढली. रस्ता आता बाजूनं वळतोय.

परवा गावानं माझा सत्कार केला. इतिहासाचा रक्षक म्हणून शाल, नारळ. मी भाषण ठोकलं, वारसा वगैरे. बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. ती उघडी वेस मला अजून ओकीबोकी वाटते आणि इतिहासातलं मला आजही फारसं कळत नाही. शिडीवर चढलो तेव्हा वारसा डोक्यात नव्हताच. वेस पडली तर बाई काय म्हणतील, एवढंच होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझे गुडघे गेले, तरी तुमची भीती वाटते. हे सत्कारात सांगायची छाती झाली नाही आणि हे पत्रही कुठे जायचं नाही, पण ती भीती अजून आहे याचं मला फार बरं वाटतं.