मक्याचा रंग

१७ ऑगस्ट २००८, नांदे
अविनाशने आज साप आणला. भाजी आणावी तसा, प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून. ऑफिसातला मित्र अमेरिकेला चाललाय, त्याचा. कॉर्न स्नेक म्हणे. बिनविषारी, तिकडे मुलं पाळतात, वगैरे. मला विचारलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बोलले नाही त्याच्याशी.
साप पेन्सिलीएवढा. राखाडी, पाठीवर मातकट तपकिरी ठिपके. सई म्हणाली, कॉर्न म्हणजे मका, म्हणून हा मक्या. एकदा नाव पडलं की कुणी घरातून जात नाही. संपलं.

१९ ऑगस्ट
हौसाबाई केर काढता काढता काचेच्या पेटीपाशी थबकल्या. घरची मेंढरं, सगळं आयुष्य माळावर गेलेलं, साप काही नवीन नाही त्यांना.
"बाई, घोनस हाय ही. बारकी हाय म्हून गप बसलीया."
अ.ने समजावलं, मोठा झाला की केशरी होईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि झाडू माझ्या हातात दिला. त्या खोलीचा केर आता माझ्याकडे.

१२ सप्टेंबर
चार दिवस मक्याचे डोळे दुधाळ निळे. मला वाटलं आंधळा झाला. आज कात टाकली. अ.ने ती सईच्या तळहातावर ठेवली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.
अ. तिला सांगत होता, कात टाकली की दर वेळी आतला रंग जरा जास्त वर येतो, वर्षभराने ओळखणार नाहीस त्याला. दुखतं का, तिने विचारलं. नाही म्हणाला. बराच वेळ ती कात धरून बसली होती. पहिलीतली पोर एवढा वेळ गप्प बसते म्हणून मी खूश. शांतपणे पोळ्या झाल्या.

२ नोव्हेंबर
सासूबाई दिवाळी करून संगमनेरला परत. दिवाळीच्या आंघोळीला उटणं सईला जरा जास्तच घासलं. पोर कुरकुरली. "रेखीव आहे गं, नाकडोळे आमच्याकडचे. फक्त..." फक्तच्या पुढे सा.बा. कधी जात नाहीत. मग, मोठी झाली की उजळेल.
माझी आईसुद्धा माझ्याबद्दल हेच सांगायची, आल्यागेल्याला. छत्तिसावं लागलं. अजून उजळतेच आहे.

९ नोव्हें.
हौसाबाईंनी तांब्याभर शेळीचं दूध आणलं. प्यायला नाही. "अंगाला चोळा पोरीच्या. उजाळतंय." पैसे घेईनात. ठेवून घेतलं. चहात घातलं, अ.ला वास आला.

११ जानेवारी २००९
शाळेचं गॅदरिंग. पऱ्या सहा. सई ढग. एकटीच. राखाडी सॅटिनचा झगा, तिला छान दिसत होता खरं तर. बाईंना विचारावं असं फार मनात आलं, की परी कशावरून ठरवता. विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं आणि बाईंनाही. अ. म्हणाला, ढग नसेल तर नाटकच नाही. त्याला कधी ढग व्हावं लागलेलं नाही. गोरा आहे.
मक्याच्या मानेशी पिवळसर छटा. ठिपके आता विटेच्या रंगाचे.

२२ फेब्रु.
मक्याची परत कात. खरंच सुंदर होत चाललाय, मान्य करायला हवं. भीती कधी गेली, लक्षात आलं नाही. सई रोज सकाळी उठली की आधी त्याच्याकडे. आणि हल्ली आंघोळ लांबते तिची. पाणी संपतं, अ. ओरडतो.

१४ मार्च
अर्धा तास झाला तरी सई बाहेर येईना, म्हणून दार ढकललं. स्टुलावर बसलेली. हातात माझी वजरी, टाचा घासायची. हात घासत होती. कोपरापासून मनगटापर्यंत लाल, एका जागी सोलून पाणी आलेलं. झोंबत असणार, पण रडत नव्हती. गृहपाठ करावा तसं चाललं होतं.
वजरी ओढून घेतली. काय करतेस, विचारलं. आवाज चढलाच माझा.
"माझी कात निघतच नाहीये," म्हणाली.
तिला टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन बसले. मग खोबरेल. लवळ्याला कॉलेजात फोन केला, आज कामावर येत नाही, मुलीला ताप आहे. तिथल्या ऑफिसात हे कुणाला सांगायचं?

१५ मार्च
अ. म्हणाला, मी सापाबद्दल बोलत होतो. खरं आहे. सा.बा. फोनवर म्हणाल्या, मी कुठे काय म्हणाले? तेही खरं, त्या फक्तच्या पुढे जातच नाहीत. हौसाबाईंनी तर मायेनेच आणलं होतं. सगळे बरोबर, आणि पोरीचा हात सोललेला.
मी सईला म्हटलं, असं घासून काही होत नसतं. तर म्हणाली, "मग तू का ट्यूब लावतेस रोज?"
बारावीपासून लावतेय, उजळायची. विषय बदलला. लाज वाटली.

१९ मार्च
साप घरात नको, मी अ.ला सांगितलं. त्याने मुकाट्याने पेटी पुसली, सामान बांधायला घेतलं. सई दारात उभी, हाताला पट्टी. मग मीच म्हटलं, राहू दे. मक्याने काय केलंय? तो आपला मोठा होतोय. आणि घालवला तर हे प्रकरण तिच्या डोक्यात असंच अर्धवट राहील.

५ एप्रिल
खपली पडली. खाली नवी कातडी, गुलाबी, आजूबाजूपेक्षा उजळ. सई दिवसभर ती जागा दाखवत फिरतेय. मला, अ.ला, हौसाबाईंना.
"बघ, इथं आली."
इतकी खूश मी तिला वाढदिवसालाही पाहिली नाही. तिला जवळ घ्यावं की थोबाडीत मारावी, कळेना. वजरी कचऱ्यात टाकली. टाचा फुटू देत.

३ मे
अ.च्या मित्राची मेल. मक्याच्या आईबापांचा फोटो पाठवलाय. दोघंही पिकल्या संत्र्यासारखे. अ. सांगत होता, कातीने रंग येत नाही, तो आतूनच येतो, हळूहळू. अंड्यात असतानाच ठरलेलं असतं. हे आधी सांगितलं असतंस तर, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.
फोटो ऑफिसात प्रिंट काढून ठेवला. सईला दाखवायचं धाडस होत नाहीये. का, ते मला माहीत आहे. तिचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे.

१४ जून
रविवार. अ. भाजीला गेलेला. सई कोपर घेऊन आली. गुलाबी जागा गेली. नवी कातडी हळूहळू सावळी होत आजूबाजूच्यात मिसळली, आता कुठे होती ते शोधावं लागतं. "परत पहिल्यासारखं झालं," म्हणाली. रडली नाही, पण आवाज बारीक.
मग तो ठेवलेला फोटो बाहेर काढला. पेटीपुढे दोघी खाली बसलो. मक्या आत, पूर्ण केशरी नाही पण राखाडीही राहिला नाही. सांगितलं, हे त्याचे आईबाबा. तो कात टाकतो म्हणून असा होत नाही, तो यांचा आहे म्हणून होतो. कुणी घासलं, न घासलं, तरी होणारच.
तिने फोटो पाहिला, साप पाहिला, परत फोटो.
"मग मी कुणासारखी होणार?"
"माझ्यासारखी," मी म्हटलं.
हे मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. नाक बाबांचं, हुशारी आजीची, असलंच सगळं सांगत आले.
तिने तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. जुळवून पाहिलं, वरून, मग उलटा करून. मला वाटलं झालं आता.
"तुला आवडतो का, तुझा?"
हो म्हटलं. लगेच म्हणता आलं नाही, थोडा वेळ गेला मध्ये. आणि तेवढा वेळ सई मक्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.