पाचट आणि उतारा

अण्णा,

आज दुपारी माझा प्रबंध मान्य झाला. घरी येऊन चहा ठेवला आणि सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. विषय ऐकून हसाल: रक्ताचा कॅन्सर झालेल्यांच्या तांबड्या पेशींतली विकरं. विकरं म्हणजे पेशीच्या आत साखर मोडून तिला चालतं ठेवणारे कामगार समजा. तांबडी पेशी जगते ती निव्वळ साखरेवर. साखर कारखान्याच्या केमिस्टची मुलगी दुसरं काय शोधणार?

नगरच्या दवाखान्यातला तो दिवस मला लख्ख आठवतो. तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून रिपोर्ट खिडकीकडे धरता आणि डॉक्टरांना विचारता, "पांढऱ्या बिघडल्या, कळलं. पन ज्या तांबड्या ऱ्हायल्यात, त्यांचा उतारा कसा हाय?" डॉक्टर गोंधळले. मी सांगितलं, टनभर उसातून साखर किती निघाली, त्याला कारखान्यात उतारा म्हणतात. ते म्हणाले, "पेशी आम्ही मोजतो. त्यांच्या आतलं काम नाही मोजत." तुम्ही माझ्याकडे वळलात. "कुनीतरी मोजाया पायजे," एवढंच बोललात. त्या वेळी जिना चढताना तुम्ही मध्येच पायरीवर बसायचात आणि लोकांना वाटायचं, अण्णा थकले. माझ्या डोक्यात मात्र तुमचा प्रश्न घर करून बसला, आणि तुम्ही गेल्यावरही तो तिथेच राहिला.

पुढे प्रबंधासाठी तेच मोजायला घेतलं तर पहिल्याच खेपेला पेशंटांच्या तांबड्या पेशींत विकरं भरमसाट दिसली. सगळा विभाग खूश. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, लिहून काढा. मला मात्र कॉलेजच्या सुट्टीत पाहिलेली तुमची कारखान्यातली लॅब आठवली. मी घाईघाईने पाल्यासकट ऊस चरकात घातला होता आणि तुम्ही चार लोकांत मला झापलंत, "आदी पाचट काढ. मशीनला ऊस काय आन पाचट काय, सारकंच. वळखायचं आपन." त्या दिवशी रागाने मी डब्याला हात लावला नव्हता. आता तोच बोल कामी आला. या आजारात पांढऱ्या पेशी इतक्या असतात की रक्त धुतलं तरी काही मागे राहतात, आणि त्यांची स्वतःची विकरंही मोजणीत येतात. हेच माझं पाचट. सरांना वर्ष वाया जाण्याची धास्ती होती, पण मी सगळे आकडे बाजूला ठेवले, पांढऱ्या पेशी अडकून राहतील अशा बारीक तंतूंतून रक्त गाळून घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. फुगलेले आकडे उतरले. निव्वळ तांबड्या पेशींत काही विकरं खरोखरच कमी निघाली. पेशी होत्या, पण त्यांचा उतारा पडला होता.

आज परीक्षकांनी विचारलं, पहिले आकडे का टाकून दिलेत? माझ्या तोंडून निघून गेलं, "पाचट काढलं नव्हतं." ते उसाच्याच मुलखातले निघाले, मनापासून हसले. मग मी तुमच्याबद्दल सांगितलं. सांगताना अभिमान वाटला, अण्णा.

एक गोष्ट तेवढी कुणाला बोलले नाही. रक्ताच्या नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. कोणाचं रक्त आहे ते मोजणाऱ्याला कळू नये, असा नियम. मी तो पाळला. फक्त रोज त्यातल्या एका नळीतलं रक्त तुमचं समजून धुतलं.