मिनिटकाट्याचं टोक

दि. ३ जून

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? ही गेल्याला उद्या महिना होईल. घर खायला उठतं. त्यात दिवाणखान्यातलं घड्याळ मागे पडायला लागलंय. मी स्वतः घडवलेलं, सव्वीस वर्षांत चावी-तेलाखेरीज ज्याला काही लागलं नाही, ते! आधी वाटलं रेडिओ चुकतोय, मग वाटलं फोन चुकतोय. हसू नकोस. सोक्षमोक्ष लावायला उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारं यंत्रच आणलंय. मोकळं आकाश दिसेल अशी छतावर वाटीएवढी अँटेना बसवली, केबल खिडकीच्या चौकटीतून आत घेतली. पाणी केबलवरून घरात येऊ नये म्हणून बाहेर तिला लोंबता वळसा ठेवावा लागतो, हे वायरमनला मीच सांगितलं. तो म्हणाला, काका, मग तुम्हीच चढा. आता कोण चुकतंय ते कळेल.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा धाकटा

दि. ९ जून

ती. अक्कास, सा. न.

मी हादरलोय. घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं. रोज! ही गेली त्याच आठवड्यात मी त्याला तेल घातलं होतं. म्हणजे माझ्याच हातांनी ते बिघडवलं. ज्याला स्वतःचं घड्याळ सांभाळता येत नाही, त्याने लोकांची कशाला उघडावीत? रविवारी दुकानाची पाटी उतरवतोय.

तुझा धाकटा

दि. १२ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पाटीला हात लावू नकोस. भावजयीला दिलेला शब्द आज मोडते. तुझं घड्याळ पहिल्या दिवसापासून रोज चार मिनिटं मागे पडतं. तू जेवून लवंडलास की ती रेडिओवर एकची वेळ ऐकायची, स्टुलावर चढायची आणि काटा पुढे करायची. मी पाहिलं तर तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. दुकान नवं होतं, गिऱ्हाइकांना घरी आणून तू ते घड्याळ मिरवायचास. तेव्हा सांगायचा तिला धीर झाला नाही, नंतर ते राहूनच गेलं. ती एक रात्रही माहेरी का राहिली नाही, ते आता कळलं? तू तिला घरकोंबडी म्हणायचास. तुझे हात ठीक आहेत रे.

माया आहे तशीच आहे.
अक्का

दि. १६ जून

ती. अक्कास, सा. न.

पत्र वाचलं. मग स्टूल घेऊन चढलो. मिनिटकाट्याचं पितळ सगळं काळवंडलंय, टोक तेवढं लख्ख आहे. बोटानं झिजलेलं पितळ मी गिऱ्हाइकाच्या घड्याळात दारातूनच ओळखतो. माझ्या घरात सव्वीस वर्षं दिसलं नाही.

लंबकाखालचा नट जरासा वर फिरवला असता तर काम मिटलं असतं. तिला नट ठाऊक नव्हता आणि मला चूक. घरकोंबडी म्हणालो गं मी तिला.

पाटी जागेवर आहे. आज एक वाजता यंत्राकडे बघून काटा चार मिनिटं पुढे केला. नटाला हात लावला नाही, लावणारही नाही. इकडे येशील तेव्हा दुपारी एकच्या सुमाराला मला हाक मारू नकोस. स्टूल फार डुगडुगतं, अक्का.

तुझाच,
धाकटा